कोंबडी घेऊन अंबडपर्यंत, आणि परत

दर वर्षी मे महिन्यात मी कुठल्यातरी ख्रिस्ती शिबिराला जाते आणि मनाची टाकी फुल्ल करून येते. गाणी, देवाच्या अनुभवांच्या साक्षी, डोळे पुसत केलेले निश्चय, सगळं असतं. ही टाकी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरते. मग रविवारी सकाळी गजर वाजला की मी छताकडे बघत पडून राहते, आणि तिकडे आमच्या पुण्यातल्या चर्चच्या संडेस्कूलमधली पोरं 'टीचर'ची वाट बघत एकमेकांच्या वेण्या ओढत असतात. यंदा ठरवलं की नाताळ झाला की हे काम सोडायचं. मनच लागत नाही तर किती दिवस ओढायचं?

हे मी फक्त सासूबाईंना सांगितलं, तिथेच चुकलं. आईंना सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या देवाला सांगतात, आणि देवाशी त्या मोठ्यानेच बोलतात. शेजाऱ्यांना आमच्या घरातलं सगळं माहीत असतं ते या प्रार्थनांमुळेच. त्यांनी माझं ऐकून घेतलं, एक लांबलचक प्रार्थना केली आणि जाहीर केलं, "माझ्या माहेरी हंगामाचा सण आहे, तू माझ्यासोबत चल." हंगामाचा सण म्हणजे शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून अर्पण करायचं आणि मग त्याचा लिलाव करायचा. माहेर कुंभार पिंपळगावच्या पुढे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, दुपारपर्यंत जालन्यात उतरता. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट. आईंना याचा इतका अभिमान की कंडक्टर चार सीट लांब असतानाच त्यांनी आधार कार्ड उंच धरलं होतं. नगरच्या अलीकडे त्यांनी डोळे मिटले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "प्रभू, या लेकराचं मन शाळेतून उठलंय, ते तू परत लाव."

पुढच्या सीटवरचे एक काका लगेच मागे वळले. कोणती शाळा, अनुदानित की विनाअनुदानित, हेडमास्तरांचा त्रास आहे का, अशी आस्थेने चौकशी केली. ही रविवारची शाळा आहे, पगार नसतो, असं सांगितल्यावर ते हळहळले. "बिनपगारी कशाला करून राह्यल्या मॅडम? बदली मागा. जालन्यात आपली वळख हाय."

नवीन जालन्यात बियाणांच्या कंपन्यांच्या पाट्या वाचत आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला आणि अंबडची गाडी पकडली. जालना सुटलं की आईंची भाषा बदलते. 'नाही'चं 'न्हाई' होतं आणि खांदे सैल पडतात. अंबडहून पुढे रस्ता बरा आहे, पण हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायची तयारी ठेवा. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि मोसंबीच्या बागा. कुंभार पिंपळगावला आईंचे धाकटे भाऊ शांतवनमामा मोटारसायकल घेऊन आले होते. मामा पुढे, आई मध्ये, मी मागे आणि पिशवी माझ्या डोक्यावर. रात्री मामींनी बाजरीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची आमटी वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, तरी त्यांनी विचारलं की तब्येत बरी नाही का.

रविवारी उपासनेला पन्नासेक माणसं होती. पास्टर साहेबांनी वाळवंटातल्या मान्न्याची गोष्ट सांगितली. देव रोज सकाळी त्या दिवसापुरतं अन्न आकाशातून द्यायचा, आणि ज्यांनी उद्यासाठी भरून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडायचे. मी मान हलवत होते. खरं तर मनात दुपारच्या गाडीचा हिशेब चालला होता, कारण सोमवारी ऑफिस होतं.

मग लिलाव. मामा पुकारत होते. भोपळे, तुरीच्या शेंगा, उसाची मोळी, मोसंब्यांच्या पाट्या. शेवटी एक तांबडी कोंबडी आली आणि सगळे एकदम सरसावून बसले. बोली शंभराच्या वर गेली. मलाही चेव चढला, मी हात वर केला आणि ती मला सुटली. टाळ्या झाल्या. मामा कोंबडी धरून माझ्याकडे बघत उभे राहिले, जणू मी अजून काही बोलायचं होतं. मी थँक्यू म्हटलं आणि कोंबडी घेतली.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मामांनी घसा खाकरला, "बराबर हाय. घेतली ती घेतली." कोणीतरी कापडी पिशवी आणून दिली. मला वाटलं, किती साधी माणसं आहेत. जेवणाचा डबा बांधून घेऊन आम्ही निघालो. नेहमी सुटताना सगळ्या गावासाठी प्रार्थना करणाऱ्या आई नुसते डोळे मिटून पुटपुटल्या. मला ते खटकलं, पण एकीकडे बरंही वाटलं.

अंबडच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली होती. पिशवीतून मान बाहेर काढून कोंबडी सगळ्यांना न्याहाळत होती. मी आईंना विचारलं, हिचा रस्सा करायचा की सुकं? आई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "ती कोंबडी कोणी घरी नेत न्हाई, बाई."

मग सगळं कळलं. जो ती घेतो तो 'परत प्रभूला' म्हणतो आणि ती पुन्हा पुकारली जाते. अशी ती फिरतच राहते. संध्याकाळी शेवटची फेरी पोरांची. त्यांच्याकडे पैसे नसतात, म्हणून ती कामाची बोली लावतात, आणि जो जिंकेल तो वर्षभर कोंबडी सांभाळतो. गावातली पोरं वर्षभर त्या फेरीची वाट बघतात. आणि कोंबडी माझ्या पिशवीत.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी चिडून विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? एरवी सगळ्या एसटीला सांगता.

"सांगितलं असतं तर तू लाजंपोटी परत दिली असती," आई म्हणाल्या. "मंग या एकाच वेळी म्या मनात मागितलं. हिला हिच्या मनानं जावं वाटू दे, म्हनलं. अन् इथवर आल्यावर राह्यवलं न्हाई, बोलून गेले."

जालन्याच्या गाडीने हॉर्न दिला. मी पिशवी उचलली आणि पलीकडच्या, जिकडून आलो तिकडेच जाणाऱ्या गाडीत जाऊन बसले. ऑफिसला कळवलं की घरगुती अडचण आहे. कंडक्टरने पिशवीकडे बघून विचारलं, हिचं तिकीट? आईंनी आधार कार्ड काढलं आणि सांगितलं की ही माझ्यासोबत आहे.

आम्ही पोचलो तेव्हा पोरं चर्चच्या पायरीवर बसली होती. त्यांना बघून मला रडू आलं, आणि त्यांना माझ्याकडे बघायला सवडच नव्हती, कारण मी म्हणजे फक्त पिशवी धरणारा हात होते. मी मोठ्याने म्हटलं, "परत प्रभूला." मामा हसले आणि बोली सुरू झाली. एकाने महिनाभर चर्च झाडायचं कबूल केलं, दुसऱ्याने पाणी भरायचं. मार्था नावाच्या दोन वेण्यांच्या मुलीने नाताळपर्यंत दर रविवारी घंटा वाजवीन असं सांगितलं. माझाही हात वर गेला.

"मी पुढच्या रविवारी संडेस्कूल घेईन."

मामांनी विचारलं, "एकच रविवार?"

"एकच," मी म्हटलं. त्याहून जास्त माझ्याकडे त्या क्षणी खरंच नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याची लाज वाटली नाही. मान्न्याच्या गोष्टीवर सकाळी नुसती मान हलवली होती, ती गोष्ट आता कळली. मी देवाकडे वर्षभराचा साठा एकदम मागत होते आणि किडे पडले की त्याच्यावरच रुसत होते.

"बोली लई कमी हाय, सूनबाई," मामा म्हणाले, आणि कोंबडी मार्थाला मिळाली.

पुण्यात येऊन महिना झाला. पिशवी दोनदा धुतली तरी वास जात नाही. तो रविवार मी घेतला. पुढच्या शनिवारी पुन्हा छताकडे बघत पडले होते, तेव्हा म्हटलं, प्रभू, फक्त उद्याचं दे. त्याने दिलं. तसे आता चार झाले. सोडण्याचं अजून रद्द केलेलं नाही, पण त्याचा विचार करायला रविवार मोकळा मिळत नाही. आई स्वयंपाकघरात मोठ्याने देवाला सगळं सांगताहेत, त्यात मार्थाची कोंबडी खुडूक बसल्याचीही बातमी आहे. आज शनिवार आहे. इथेच थांबते, उद्या पोरांना सांगायची गोष्ट अजून वाचायची आहे.