राखून ठेवलेली ओळ

पडदा वर जातो. छोटीशी खोली, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन. भिंतीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी एक कप आणि कपात चमचा. कप वर्षभर रोज धुतला जातो. चहा मात्र त्यात कोणी ओतत नाही. टेबलाशी बसली आहे जुळारीणबाई, तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. सगळा छापखाना तिला याच नावाने हाक मारायचा.

शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून ओळी बांधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मग खिळे गेले, कॉम्प्युटर आला. तिने तोही बोटांत मुरवला. नवरा त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायचा. इतका काटेकोर, की वाण्याच्या यादीलाही शेवटी टिंब द्यायचा. या बाईच्या कामात एकही चूक कशी सापडत नाही, म्हणून चिडून एकदा तिला बघायला खाली उतरला, आणि तिथेच अडकला.

शेवटच्या वर्षी घशाच्या दुखण्याने त्याचा आवाज नेला. मग तो टाइप करून बोलायचा. कपावर चमचा वाजवायचा; ती यायची, वाचायची, तोंडाने उत्तर द्यायची. फाइलचं नाव ‘बोलणं’. त्यात फक्त त्याची वाक्यं. तिची हवेत विरून गेली.

त्या दिवशी चमचा वाजला तेव्हा तिचे हात भांड्यांत होते. “थांबा हो, आले!” म्हणत तिने आणखी दोन पातेली घासली. आली तेव्हा त्याची मान छातीवर टेकली होती आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक नवी ओळ होती.

“वाचू नकोस. नुसती साठव,” तिने धावत आलेल्या लेकीला सांगितलं. स्वतःही वाचली नाही. ती वाचली की यांचं बोलणं संपलं, असं तिने मनाशी धरलं आणि वर्षभर ती ओळ राखून ठेवली.

पण कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. लेक आली, जुनी यंत्रणा काढून नवी घालू म्हणाली.

“आई, काय काय ठेवायचं?”

“बोलणं ठेव. बाकी सगळं पूस.”

जुळारीणच ती! पान छापून झालं की खिळे सोडवून परत खणात टाकायचे, मजकूर कागदावर राहतो. जन्मभर हेच केलेलं. म्हणून ‘बाकी सगळं’ म्हणताना तिची जीभ अडखळली नाही.

नवी यंत्रणा सुरू झाली. ‘स्वागत आहे! चला, सुरुवात करू या,’ पडद्याने सांगितलं.

“हा कोण मला सुरुवात शिकवणारा?” ती फणकारली. सगळं चकचकीत, पण परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं. मीठ कुठे ते सापडेना. लेकीने ‘बोलणं’ उघडलं. पानभर कंस, टक्क्यांच्या खुणा, परक्या लिपीतली अक्षरं. वारूळ फुटून मुंग्या पसराव्यात तशी.

“आई, फाइल आहे गं. जुना फॉन्ट पुसला गेला. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली.”

“म्हणजे मजकूर राहिला आणि खिळे मीच फेकायला सांगितले.”

बाईने कपाकडे बघितलं. मग तिने डोळे मिटले आणि दहाही बोटं कळांवर ठेवली.

“एकेक खूण वाच, ती ज्या कळेची ती मी शोधते. कुठल्या कळेवर कुठलं अक्षर होतं, ते बोटांना ठाऊक आहे. आधी पहिली ओळ.”

लेक वाचत गेली, आईची बोटं चाचपडत गेली. “च... हा... पा... ण... चट. चहा पाणचट. टिंब.”

“बाबाच!” लेक खुदकन हसली. आईही हसली. मग म्हणाली, “आता शेवटची.”

“नक्की?”

“वाच.”

बोटं हलली. “भां... डी.” आईचा आवाज बारीक झाला. “भांडी राहू... दे. टिंब. पुढे?”

“दोनच खुणा आहेत, आई.” लेकीने त्या वाचल्या.

बोटं कळांवर थबकली. “ये.”

“पुढे टिंब असेल बघ,” आई म्हणाली. “टिंबाशिवाय ते वाक्य सोडायचे नाहीत.”

लेकीने पडद्याला डोळे लावले. “नाही गं. टिंब नाही.”

जुळारीणबाईने बोटं उचलली. हात कोरडे होते, तरी तिने ते पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाली,

“आले हो, आले.”