खळ्याच्या कडेला काढलेले बूट

पोस्टमननं पाकीट हातात दिलं तेव्हा मी अंगणात दाढी करत होतो. अर्धा गाल साबणाचा. पाकिटावर परदेशी तिकिटं, आणि पत्ता काय, तर माझं नाव, त्यापुढं 'गोलकीपर', मग जिनिंग फॅक्टरी, हिंगोली. ती जिनिंग बंद पडून जमाना झाला, माझी गोलकीपरी तर तिच्याही आधी गेली, तरी पत्र बराबर दारात आलं. सून कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिनं उभ्याउभ्याच वाचलं, मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अब्बा, तुमचे बुधाजी गेले. त्यांच्या मुलीचं पत्र आहे." ... साबण वाळून कातडी ओढायला लागली तेव्हा उरलेल्या गालाची आठवण झाली. याला चार महिने झाले. तेव्हापासून सून मागं लागली आहे, अब्बा, लिहा. आता ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाला हुकूम सोडायचा म्हणजे कमाल आहे. पण लिहितो. कारण बुधाजी कसा खेळायचा हे डोळ्यांनी पाहिलेले आता गावात तीन-चारच उरलो, आणि त्यातले दोघे थापाडे आहेत.

बुधाजी हे आमच्या गावानं ठेवलेलं नाव. खरं नाव क्वेकू. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा. बोटीवर कोळसा ओढत मुंबईला आला. गोदीत चेंडू खेळताना एका गिरणीच्या शेठनं त्याला पाहिलं आणि पगारावर ठेवून घेतलं. कागदावर गिरणी कामगार, खरं काम फुटबॉल. दोन हंगाम त्यानं मुंबई गाजवली. पायात घालायला शेठनं चामड्याचे बूट घेऊन दिले. मग एका पावसाळी मॅचमध्ये गुडघा मुरगळला आणि सगळंच बसलं. शेठची हिंगोलीला जिनिंग होती. म्हातारा बैल पांजरपोळात धाडावा तसं त्याला इकडं धाडलं, जिनिंगच्या बॉयलरवर कोळसा टाकायला. हंगाम संपला की बोटीचं तिकीट काढून देतो, असं सांगून. अंगावर दोन कपडे आणि गळ्यात ते बूट अडकवून तो स्टेशनात उतरला, तेव्हा जिनिंगकडून त्याला न्यायला मी गेलो होतो. आमचं घर पिंजाऱ्याचं, मी कापसाच्या गासड्यांच्या प्रेसवर कामाला. संध्याकाळी आमची पोरं चेंडू खेळायची. मला पळता येत नव्हतं, म्हणून मी गोलकीपर.

जिनिंगच्या कुंपणाला लागून सोनामावशीचं शेत होतं. मूळची शिरड शहापूरची, तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून दोन बैलजोड्या आणि एक जीभ यांच्या जोरावर शेती करणारी. तिनं पहिल्याच दिवशी त्याला कुंपणावरून विचारलं, "काय नाव रे लेकरा?" त्यानं गोदीतल्या हिंदीत सांगितलं, क्वेकू. वर म्हणाला, आमच्या मुलखात ज्या वारी लेकरू जन्मतं त्या वाराचं नाव ठेवतात, मी बुधवारचा. मावशी म्हणाली, "मंग बुधाजी म्हण की सरळ! माझी जीभ काहून वाकडी करून राहिला?" झालं. दुसऱ्या दिवशी सगळी हिंगोली त्याला बुधाजी म्हणत होती, आणि तोही ओ देत होता.

माघ सरता सरता मुंबईहून कागद आला. शेठची टीम हैदराबादला सामने खेळायला निघाली होती. वाटेत एक दिवस हिंगोलीला थांबून आमच्या पोरांशी सरावाची मॅच खेळणार, आणि शेठ स्वतः बघायला येणार. त्या दिवशी बुधाजीनं माझा दंड धरला तो अजून आठवतो. "रहमानभाई, शेठ मला एक बार पळताना बघणार. पळालो तर टीम. न्हाई तर बोट." त्याच संध्याकाळी त्यानं मोच्याकडून बुटांना नवे तळ ठोकून घेतले आणि तेल लावून माझ्या घरच्या खुंटीला टांगले. म्हणाला, हे आता मॅचलाच घालायचे.

पण पळायचं कुठं? काळ्या रानाला फाल्गुनाच्या सुमाराला अशा भेगा पडतात की अख्खी टाच आत जावी. सराव करताना त्याचा पाय एका भेगेत अडकला, आणि एवढा धिप्पाड गडी गुडघा धरून मातीत बसून राहिला. रडला नाही, पण मला वाटलं, आता संपलं सारं. मावशी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावर उभी राहून, बघत होती. ती ओरडली, "अरे, या रानात बैल लंगडा होतो, तिथं माणसाची काय गत! खळं करा, खळं. माझ्या वावरात करा." मी म्हटलं, मावशी, अजून तुझी ज्वारी मळायची आहे. ती म्हणाली, "ज्वारीचे पाय काय दुखून राहिलेत? थांबल ती आठ दिवस."

ज्यांनी खळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. धान्य मळायची जागा. ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, भुसकट पसरायचं, बैल गोल गोल फिरवून तुडवायची आणि वरून शेणानं सारवायची. वाळली की फरशीसारखी होते. पण चारपाच बैल फिरतील एवढं खळं वेगळं आणि बावीस माणसं पळतील एवढं वेगळं. मावशीनं कुणाकुणाचे बैल मागून आणले, देव जाणे. बुधाजी दिवसा बॉयलरवर, संध्याकाळी बैलांच्या मागं. गल्लीतल्या हिंदू-मुसलमान सगळ्या बाया पाट्या भरभरून शेण घेऊन आल्या. शेवटी अडलं ते तिवड्यावर. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवायचा खांब, त्याला बैल बांधतात, त्याची पूजा करतात. मावशीचा हट्ट, तिवड्याशिवाय खळं कसलं? आता मैदानाच्या मधोमध खांब रोवून फुटबॉल खेळायचा? दोन दिवस बैल नुसते उभे. तोड बुधाजीनंच काढली. "मावशी, गोलाचे चार खांब. चार तिवडे." मावशी खूश. तिनं चारही खांबांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्यातला मोठा तुकडा मला देऊन म्हणाली, "तुझ्या तिवड्यातून काय आत जाऊ देऊ नको रे."

मॅचला औंढ्याकडून, पुसेगावाकडून गाड्या जुंपून माणसं आली होती. मुंबईची टीम एका रंगाच्या बनियनमध्ये, पायात बूट. बुधाजीनंही खळ्याच्या कडेला अंथरलेल्या पोत्यावर बसून आपले बूट घातले आणि तिथंच उभा राहिला, ताठ, नवरदेवासारखा. समोर मावशी आडवी उभी. "बुधाजी, पायताण काढ. खळ्यात पायताण चालत न्हाई." त्याचा चेहरा उतरला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, आज न्हाई. शेठ बघून राहिला. हे बूट न्हाईत, ही माझी इज्जत हाये." मावशी म्हणाली, "इज्जत काय पायात घालायची असती व्हय रे?" ... मी शेजारीच उभा होतो.  बुधाजी खाली वाकला, एकेक नाडी सोडली, बूट काढून माझ्या गळ्यात अडकवले आणि अनवाणी आत गेला. अन् मग मावशी मुंबईच्या टीमकडं वळली. "माझ्या लेकानं काढले. तुमी कोण लागून गेलात?" कॅप्टन शेठकडं धावला. शेठनं एकदा त्या म्हातारीकडं पाहिलं, एकदा सारवलेल्या खळ्याकडं, आणि आधी स्वतःचे पंप शू काढले. उभं गाव हसलं, आणि शेठही हसला.

बुटांत पाय मऊ झालेली ती मुंबईची माणसं खळ्यावर तव्यावर चालल्यागत चालत होती. चेंडू एवढ्या जोरात घरंगळायचा की त्यांना अंदाजच येईना. तरी त्यांनी दोन गोल केले. सांगणारे सांगतात, त्यातला एक माझ्या टांगांतून गेला. साफ खोटं. ऊन डोळ्यांवर होतं. पण बुधाजी! लहानपणी समुद्रकाठच्या तुडवलेल्या मातीवर तो असाच पळत मोठा झाला होता. पहिली दहा मिनिटं गुडघा जपत पळाला, मग विसरला. विसरला ते मला लांबून कळलं, कारण तो हसायला लागला. पहिला गोल त्यानं लांबून मारला, दुसरा तिघांना चकवून. आणि शेवटचा... चेंडू मी हातानं फेकला होता, हे कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो. त्यानं तो पायावर झेलला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटा घेऊन गेला. मधे कोण आलं, कोण पडलं, कुणाला दिसलं नाही. लोक गाड्यांवर चढून ओरडत होते. बैल बुजले. चेंडू मावशीच्या हळदकुंकवाच्या तिवड्याला घासून आत गेला. माझं आयुष्यभराचं सुख त्या एका घासलेल्या चेंडूत आहे, लाज कसली सांगायला!

शेठ अनवाणीच आत आला. विचारलं, "गुडघा?"  बुधाजीनं तिथंच पुऱ्या वीस बैठका मारल्या. शेठ म्हणाला, "उद्या आमच्या गाडीत बस." मावशीनं पदरानं आधी त्याचे पाय पुसले, मग स्वतःचे डोळे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, निदान तेव्हा होतं. मुंबई, हैदराबाद, कलकत्ता. जिथं गेला तिथं अनवाणी. पावसाळ्याच्या चिखलात बाकीचे बूट घालायचे, हा पठ्ठ्या मोकळ्या पायानं. कलकत्त्यात लोक म्हणे त्याचे पाय हात लावून बघायचे, लोखंड तर नाही ना. बूट मी दोनदा पार्सल करायला निघालो, दोन्ही वेळा त्यानं कळवलं, राहू दे तिथंच. दर फाल्गुनात जमेल तसा हिंगोलीला यायचा, मावशीचं खळं तुडवायचा, हुरडा संपल्यावर आला म्हणून शिव्या खायचा आणि परत जायचा. अठ्ठेचाळीस साल, निजामाचं राज्य गेलं ते, आमच्या भागात सगळ्यांनाच जड गेलं, ते इथं उगाळत नाही. त्या साली, रस्ते अजून चालू होते तोवर, तो निरोप घ्यायला आला. दहा वर्षं खेळून मन भरलं, आता घरी जातो म्हणाला. मावशी थकली होती. तिनं विचारलं, "परत येशील का रे?" तो म्हणाला, "बूट इथंच हायेत ना, मावशी." आला नाही. मावशीही त्याच्यानंतर फार दिवस राहिली नाही.

मुलीनं पत्रात लिहिलं आहे, बाबांनी तिकडं आपल्या गावात पोरांसाठी मैदान केलं. दरसाल स्वतः उभं राहून ते तुडवून घेत, शेणानं सारवून घेत. लोक हसत, पण त्या मैदानावरून मोठमोठे खेळाडू निघाले. कुणालाही तिथं पादत्राणं घालून जाऊ देत नसत. एकदा मंत्री आला, त्यालाही कडेला बूट काढायला लावले. आता बाबा नाहीत, तर गावचे पंच विचारतात, हा नियम धर्माचा होता की खेळाचा? धर्माचा नसेल तर पुढच्या हंगामापासून बुटांनी खेळू द्यावं. बाबा कारण कधी सांगत नसत, एवढंच म्हणत, हिंगोलीला विचारा.

मी सुनेला म्हटलं, लिही. धर्माचा नव्हे, खेळाचाही नव्हे. आमच्या एका म्हातारीचा शब्द आहे. पुढं मावशीनं खळ्याच्या कडेला म्हटलेलं ते इज्जतीचं वाक्य सांगितलं. सून म्हणाली, अब्बा, हे इंग्रजीत नीट बसत नाही. मी म्हटलं, बसव, नाही तर तसंच मराठीत लिही, कुणीतरी वाचून देईल. परवा उत्तर आलं. मैदानाच्या कडेला मावशीच्या त्या शब्दांची पाटी लावली आहे म्हणे, आणि पंच अनवाणी उभे राहून पहिली मॅच बघून गेले.

बूट पाठवू का, असंही मी विचारलं होतं. मुलीनं कळवलं, बाबांनी ठेवले तिथंच असू द्या. तेव्हा ते खुंटीलाच आहेत. दर बुधवारी मी त्यांना तेल लावतो, या बुधवारीही लावलं. चामडं अजून मऊ आहे. उलटे करून पाहिले, मोच्यानं ठोकलेले नवे तळ तसेच कोरे आहेत. त्यांना मातीचा एक कणही लागलेला नाही.