पोचल्याचा निरोप

माझ्या आत्याच्या यजमानांच्या लेखी, फोन करून कळवल्याशिवाय या जगात कोणी कुठे पोचतच नाही. त्यांच्या माकुणसारहून जवळच्याच सफाळ्याला कोथिंबीर आणायला निघालेल्यालाही काका बजावतात, "पोचलास की फोन कर." सातपाटीहून येणाऱ्या कोळणीने एकदा घरी पोचल्याचे कळवले नाही, तर काकांनी आठवडाभर तिच्याकडून बोंबील घेतले नाहीत, हाल झाले ते आत्याचे. माझ्या लग्नानंतर बोईसरला पोचल्या पोचल्या नवऱ्याच्या हाती फोन दिला गेला, आणि आमच्या संसारातले त्याचे पहिले वाक्य "हो काका, पोचलो" हे ठरले.

मध्यंतरी त्यांची गौरी गाय भरवली की उलटायची, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायची. शेवटी आत्याने निक्षून सांगितले, आता उलटली तर विकायची. गुडघे तिचे दुखत होते आणि शेणही तिलाच काढावे लागत होते, तेव्हा तिचेही चुकत नव्हते. पण गौरीला वासरापासून वाढवलेले काका पार हबकले आणि त्यांनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठले. बाईंनी समजावले, की गर्भ जेमतेम दोऱ्याएवढा असतानाच गर्भाशयाला एक संदेश सोडतो, मी इथे आहे म्हणून. तो मिळाला नाही तर गर्भाशयाला वाटते कोणी आलेच नाही, आणि गाय पुन्हा माजावर येते. काकांना सगळे शास्त्र तिथल्या तिथे पटले. मला म्हणाले, "बघ, दोऱ्याएवढ्या जिवाला कळतं, तुमाला नाय कळत."

गौरीला पुन्हा भरवली आणि घरात मिक्सर बंद झाला, टीव्ही मुका झाला, भांडायचे तर वाडीच्या टोकाला जाऊन. एवढ्याशा जिवाचा निरोप गोंगाटात हरवला तर? तो रसायनांचा असतो, आवाजाशी त्याचा संबंध नाही, असे बाईंनी सांगून पाहिले. काकांनी आदराने मान डोलावली आणि मिक्सर माळ्यावर टाकला. माज यायचा झाला तर यायच्या सुमाराला मी मुद्दाम जाऊन राहिले. सकाळी हंबरडा ऐकू आला, माजावर आलेली गाय हंबरते तसा, आणि काका ओटीवर मटकन बसले. मी गोठ्यात धावले, तर गौरी निवांत रवंथ करत होती. हंबरत होती ती शेजाऱ्यांची गाय. पुढे महिने सरले तरी गौरी उलटली नाही. बाईंनी तपासून गाभण असल्याचे सांगितले, त्या दिवशी मी पुन्हा तिथे गेले होते. आत्यानेच माळ्यावरून मिक्सर काढवून घेतला आणि चटणी वाटली. तो घरघराट ऐकून मला इतके हलके वाटले की डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी मी निघाले, तेव्हा काका गौरीच्या पाठीवरून हात फिरवत होते. आत्याला मूल नाही, आणि त्या घरात हा विषय कोणी काढत नाही. "आमच्याकडं असा निरोप कदी आलाच नाय," ते पावसापाण्याबद्दल बोलावे तसे म्हणाले. "म्हनून दुसऱ्यांचे मागत फिरतो."

बोईसरला दारात चपला काढायच्या आधी मी फोन लावला. "काका, पोचले." पलीकडे गळ्यातली घंटा किणकिणली. मग ते गौरीला सांगताना ऐकू आले, "पोचली गो आपली पोरगी."