लाल दोऱ्याची पट्टी

शालन, ये बाई, अशी जवळ सरक. जवळ म्हणजे काय — तू तिकडं कोरेगावात आणि मी इथं मिरजेत, कागदावरच काय ते जवळ. संक्रांत झाली, होळी झाली, तुला काकूची आठवण नाही. पत्रात मात्र लिहितेस, काकू, तब्येतीला जपा. जपते हो. पण जपून जपून मी भिंतीशी बोलायचं का?

रागावले नाही. आज तुला एक सांगायचंय, जे कुणालाच कधी सांगितलेलं नाही. तुझ्या काकांना नाही, माझ्या मुलींना नाही. देवापुढं उभी राहिले तरी तेवढं सोडून बाकीचं बोलत आले.

मागच्या खेपेला तू सहज म्हणालीस — बाबा सांगतात, रेल्वेचा साहेब मॅच बघायला आला तेव्हा त्यांचा पाय सुजला होता, म्हणून नोकरी हुकली. किती सुजला होता हो, काकू? आणि मी चहाचं आधण बघायला उठले. आधण कुठं ठेवलं होतं?

पोरी, तुझ्या बाबांचा पाय सुजला नव्हता.

लिहिलं बघ. आता खोडणार नाही. पण नीट कळायचं तर जरा मागं जायला हवं.

दुसरी मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. सासरे — आमचे मामंजी — शिंपी. दुकान घराच्या पुढच्या सोप्यात, आणि फुटबॉलचं वेड असं की गिऱ्हाईकाच्या छातीचं माप घेता घेता विचारायचे, काल मॅच बघितली का? नाही म्हणाला तर त्याचा सदरा चार दिवस उशिरा. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं शिकले ती मामंजींच्या मापाच्या वहीतनं. म्हणून अजून माझं ‘छाती’ आणि ‘बाही’ सुरेख येतं. बाकीचं तू सांभाळून घे.

मॅचच्या आदल्या दिवशी दुकान माणसांनी भरायचं. मशीन बंद. कापड बेतायच्या फळीवर मामंजी बटणं मांडायचे — कोटाची मोठी बटणं आपली, सदऱ्याची बारकी सांगलीची. मधोमध पुढं एक पितळी बटण, पलटणीच्या कोटाचं. ते तुझे बाबा. दत्तूभावजी. ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, म्हणून मला भावजी. त्यांच्या डाव्या पायावर अख्खी पेठ जीव टाकायची. तुझे काका? त्यांचं बटण डब्यातच राहायचं. खेळायचे चांगले, पण बापच संघ निवडणार, आणि बापाला भीती — लोक म्हणतील पोराला घुसवला. तेव्हा हे कायम राखीव. चिंध्यांच्या ढिगावर बसून सगळं ऐकायचे नि गप्प.

वाद कसले रंगायचे! तंबोरे करणारे एक चाचा होते, मामंजींचे जोडीदार, भोपळ्याची भुकटी अंगावर तशीच घेऊन यायचे. सांगलीचा फुलबॅक ताडासारखा, वरनं चेंडू दिला की त्याचंच भलं, खालनं खेळा — हे त्यांचं ठरलेलं. कुणीतरी म्हणायचा, दत्तूचा पाय हल्ली जड पडतोय. चाचा बटणावरनं मान वर न करता म्हणायचे, “आधी तुझी जीभ जड पडू दे, गड्या.” मी आत चुलीपाशी पदर तोंडात धरून हसायची.

आणि या सगळ्यात माझं एक काम होतं. तेव्हा आपली पोरं अनवाणीच खेळायची, घोट्याला नि पावलाला पट्टी आवळून. पलटणीतनं परत आलेल्यांच्या पिंढरीच्या पट्ट्या मामंजी मागून आणायचे, फाडून शिवायचे, आणि प्रत्येकीच्या कडेला वेगळ्या रंगाचा दोरा घालायचे — कुणाची कुठली ते ओळखावं म्हणून. त्या धुवायच्या, वाळवायच्या, गुंडाळून ठेवायच्या मी. तुझ्या बाबांचा दोरा लाल. आमच्या ह्यांचा हिरवा.

खेळणारा कधी सांगत नाही गं, की दुखतंय. प्रत्येकाला खेळायचंच असतं. घरी गुपचूप आंबेहळदीचा लेप लावायचा, वर पट्टी बांधून सरावाला यायचं, आणि विचारलं की काही नाही. पण लेपाचा डाग धुऊन जात नाही. म्हणून मामंजींनी रीत पाडलेली — पायाबद्दल खेळाडूला विचारायचंच नाही. आत हाक मारायची, “सूनबाई, कुणाच्या पट्टीला हळद हाय?” मी सांगेन तो बाहेर बसायचा. सतरा वर्षांच्या पोरीचा शब्द, आणि सगळी पेठ मानायची. तेवढा मान मला सासरी-माहेरी दुसऱ्या कशात नव्हता.

आता तुला कळलं असेल. नाही?

त्या खेपेला बातमी होती की रेल्वेचा साहेब येतोय, दोन चांगले गडी बघून आपल्या संघात घेणार, म्हणजे नोकरीच. आमच्याकडं तेव्हा दुकानात दोघांना पुरेल इतकं काम नव्हतं. ह्यांचं मुंबईला जायचं ठरत आलं होतं. मामेभाऊ होता तिकडं गिरणीत. हे जाणार, मी मागं राहणार, वर्षातनं एकदा तोंड दिसणार. मला ते नको होतं. एवढंच होतं ते — ह्यांनी मिरजेत राहावं. भूक नव्हती, मारहाण नव्हती. माझ्यावर काहीही कोसळलं नव्हतं.

दुपारी परसात मी पट्ट्या धूत होते. आंबेहळद घरात होती, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी. सहाणेवर उगाळली. लाल दोऱ्याच्या पट्टीला चांगली चोळली, जरा वेळ ठेवली, आणि मग इतरांच्या पट्ट्यांसारखी धुतली. डाग बसला. हात थरथरले का? नाही. आठवून बघते, पण नाही. नीट, काम केल्यासारखं केलं.

संध्याकाळी मामंजींनी हाक मारली. मी सगळ्या पट्ट्या पाटीत घालून दारापर्यंत नेल्या, आणि म्हणाले, लाल दोऱ्याच्या पट्टीला आहे.

तुझे बाबा हसले. त्यांना वाटलं, कुणी थट्टा करतंय. डाव्या पायावर उभे राहिले, तीनदा उडी मारून दाखवली. चाचांनी घोटा दाबून बघितला आणि म्हणाले, सूज तर दिसत नाही. पण कुणीतरी म्हणालं, लपवतोय, उद्या साहेब येणार म्हटल्यावर कोण कबूल करंल? आणि त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता ऐक. हळद चोळली ते मी एक वेळ पोरकटपणा म्हणून सांगितलंही असतं कुणाला. पुढचं सांगता आलं नसतं. तुझ्या बाबांनी ती पट्टी हातात घेतली, डाग बघितला, आणि माझ्याकडं वळले. आवाजात राग नव्हता, उलट मलाच सांभाळून घ्यायचा सूर होता.

“वैनी, एकावर एक ठेवल्यात, तर दुसऱ्या कुणाचा रंग लागला आसंल. बघा की जरा आठवून.”

दार उघडून दिलं होतं त्यांनी मला. व्हय भावजी, तसंच झालं आसंल, एवढंच म्हणायचं होतं. कुणी मला बोल लावला नसता. मी खाली बघितलं आणि म्हणाले, “न्हाई. एकेक निराळी धुतली मी.”

मामंजींनी फळीवरचं पितळी बटण उचललं. त्या जागी कुणाला ठेवायचं ते त्यांना ठरवता येईना. हात तसाच राहिला. तेव्हा तुझे बाबाच ह्यांच्याकडं बोट करून मामंजींना म्हणाले, “ह्यालाच घ्या की, आप्पा. लय पळतोय हल्ली. तुमचा पोरगा हाय हा काय त्याचा गुन्हा?”

दुसऱ्या दिवशी हे खेळले. एक गोल ह्यांनी केला. कडेला उभं राहून सबंध वेळ दत्तूभावजी ओरडत होते, डावीकडं दे, डावीकडं — आणि मॅच संपल्यावर ह्यांना खांद्यावर घेतलं तेही त्यांनीच. हे मला ह्यांनीच सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. साहेबानं दोघं घेतले, त्यांतले एक हे. तुझे बाबा कोरेगावला मामाच्या शेतावर गेले. पेठेत कुणी अडखळलं तरी पुढं कितीतरी वर्षं लोक म्हणायचे, काय रं, दत्तूगत लेप लावलास का? दिवाळीला गुळाची ढेप घेऊन ते आले की त्यांच्यासमोरसुद्धा म्हणायचे. ते हसायचे.

मी पस्तावून रोज रडले असं लिहिलं, तर ते आणखी एक खोटं होईल. मी सुखात जगले, शालन. क्वार्टरपुढं मोगरा लावला, मुली शिकल्या, ह्यांचा हात शेवटपर्यंत हातात राहिला. ती मॅच त्यांनी हजारदा सांगितली आणि हजारदा मी मन लावून ऐकली. कितीतरी वर्षं मला काही टोचलंसुद्धा नाही. आजही या घरात बसून चहा गोडच लागतो.

पण तू सांगितलंस, की बाबाच आता म्हणतात पाय सुजला होता. चारचौघांनी इतकं म्हटलं, की त्यांनाही तसंच आठवायला लागलं का? का त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि माझ्यासाठी ते तसं बोलत आले? दोन्हींतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. धडधाकट पाय होता, आणि तो तसा होता हे सांगायला मी सोडून कुणी नाही.

हे त्यांना वाचून दाखव म्हणत नाही, लपव असंही म्हणत नाही. तुझ्याकडं काही मागायचं नाही मला. गाडीची पायरी आता चढवत नाही, नाहीतर मीच आले असते. तेव्हा तू ये, आणि दत्तूभावजींना घेऊन ये. उन्हं वाढायच्या आत या. बोलायला सुरुवात मी करीन.