मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचा आरोग्यविमा मी मोबाइलवर काढला, निरनिराळ्या कंपन्यांचे दर शेजारी शेजारी मांडून दाखवणाऱ्या एका वेबसाइटवरून. मेथीची जुडीसुद्धा मी दोन-चार ठिकाणी विचारल्याशिवाय घेत नाही, त्यामुळे हा प्रकार मला फार आवडला. नवऱ्याचे आतेभाऊ विमा एजंट आहेत. ते आले की दुपार जाते, दोनदा चहा होतो, आणि गावाकडच्या, होटगीच्या सगळ्या भावकीची चौकशी झाल्यावर गाडी विम्यावर येते. वेबसाइटने चहा मागितला नाही. भाव चढत्या क्रमाने लावून दिले, वर कोणता घ्यावा तेही सांगितलं.

प्रश्न भराभर येत गेले. वय, साखर, रक्तदाब. मग, तंबाखूचं सेवन करता का? आत्या समोरच गवारी मोडत बसल्या होत्या. मी विचारलं.

"मी कशाला खाऊ तंबाखू? तुजा सासरा खायचा."

मी 'नाही'वर बोट ठेवलं. त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड मीच करून देते, खिडक्या उघडून, ठसकत. पण आमच्याकडे मिश्री हे दात घासायचं सामान. तिची डबी मोरीच्या फळीवर, आमच्या टूथब्रशांच्या शेजारी असते.

यंदा आत्यांच्या गालात आतून चट्टा उठला आणि भरेना. काढून टाकावा लागेल, तोही लवकर, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात दाखल करताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तंबाखूचं विचारलं नाही. दात कशाने घासता, एवढंच विचारलं.

"मिश्रीनं की. लगीन झाल्यापास्नं. एक दात हलत न्हाय बगा," आत्या कौतुकाने म्हणाल्या.

बाईंनी केसपेपरवर इंग्रजीत तंबाखू लिहिलं. विमा कंपनीने खर्च द्यायला नकार दिला. माहिती लपवली, असं कारण. मिश्रीचं बोलल्यामुळे पैसे अडले, एवढं आत्यांना समजलं.

मी वेबसाइटला फोन लावला. तिथली मुलगी गोड बोलली. आम्ही फक्त तुलना करून दाखवतो, पुढचं कंपनीशी बोला. कंपनीतल्या मुलाला मी समजावलं की मिश्री वेगळी, तंबाखू वेगळी. मिश्री म्हणजे काय, असं त्याने विचारलं. "तंबाखू भाजून केलेली पूड," मी सांगितलं.

तक्रारीचा अर्ज दिला आहे. आतेभाऊ थर्मासमधून चहा घेऊन दवाखान्यात आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वहिनी, घरी आलो असतो तर हात धुताना डबी दिसली असती की." टोमणा होता की खंत, ते मला कळलं नाही.

शेजारणी विचारतात, त्या वेबसाइटवरून घ्यावा का विमा? दर बघायला चांगली आहे, म्हणते मी. दर खरेच दाखवते. फक्त तिला तुमची मोरी दिसत नाही.

ऑपरेशन थांबवण्यासारखं नाही. खर्चाची जुळवाजुळव नवरा करतो आहे. काल भूल देणारे डॉक्टर आत्यांना तपासायला आले. त्यांनीही विचारलं, तंबाखू, मिश्री, काही?

आत्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "न्हाय. कायबी लावत न्हाय मी."

काळे दात सगळ्यांना दिसत होते. डॉक्टर लिहायचे थांबले. भूल द्यायची तर त्यांना खरं कळायलाच हवं होतं, म्हणून मी सांगितलं, मिश्री लावतात, रोज दोनदा.

डॉक्टर गेल्यावर आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं, आता तरी गप बसायचं की."