दोन कोरे बार

माझी मावशी शिवणकाम करायची. कोटाच्या बाह्या आखूड करणं, पँटची कंबर सैल करणं, अस्तर बदलणं. तळमजल्यावरच्या दुकानात पंचेचाळीस वर्षं हेच. आणि कापड कापायच्या त्याच टेबलावर, गिऱ्हाईक नसलं की, ती वाद्यवृंदासाठी संगीत लिहायची. कोट सैल करून घ्यायला आलेल्या एका व्हायोलिनच्या मास्तरांनी तिला पाच रेघांवरचे सूर वाचायला शिकवलं. बाकीचं सगळं तिचं तिनं. हे मी शंभरदा सांगितलंय आणि अजून माझा मलाच विश्वास बसत नाही.

मी तिच्या नकला करायचो. असं म्हटलं की लोक मिमिक्री करून दाखव म्हणतात. तसं नव्हे. ती चौदा वाद्यांचं मिळून एकाच कागदावर लिहायची. त्यातून एकेका वादकाचा भाग मी वेगळा उतरवायचो. पस्तीस वर्षं. त्यामुळे ती कशी बदलत गेली ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. सुरुवातीला कागद नुसता काळाकुट्ट. सगळी वाद्यं एकदम बोलायची, कोणी कोणाचं ऐकायचं नाही, थेट आमच्या घरातल्यासारखं. माझा अंगठा सुजायचा आणि मी तिच्या नावानं खडे फोडायचो. पन्नाशीनंतर मात्र कागद विरळ होत गेला. एकच सूर ती बासरीकडून चेलोकडे असा द्यायची की तो कुठे हात बदलतो ते कळूच नये. शिलाई दिसता कामा नये, एवढंच ती त्यावर बोलायची.

सत्तराव्या वर्षी शहरातल्या नावाजलेल्या वाद्यवृंदानं तिची रचना पहिल्यांदाच घेतली. नेमकं त्याच वर्षी तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडू लागला आणि ती मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारू लागली. कुणीतरी ते संचालकांच्या कानावर घातलंच. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "तालमीत काही गोंधळ दिसला तर रचना कार्यक्रमातून काढावी लागेल. वाईट वाटेल मला, पण काढीन."

आणि शेवटून दुसऱ्या पानावर दोन बार कोरे होते. बार म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधली जागा. दुसऱ्या प्रकारचा बार आमच्या घराला वर्ज्य. वाजवायचं नसेल तिथे विरामाची खूण करतात, आणि मावशी ती खूण कधी चुकायची नाही. इथे चौदाही ओळी रिकाम्या.

"मावशी, पूर्ण झालंय ना हे?"

"झालं की. का रे?"

"काही नाही, सहज."

ती लिहायची विसरली होती, आणि आपण विसरलोय हेही तिला कळत नव्हतं. मग मीच ते बार भरले. तिची वळणं मला तोंडपाठ होती. चौदाही भागांत नीट बसवले, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

तालमीला ती पर्स मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. ते दोन बार आले, गेले. तिनं हात वर केला. वादन थांबलं.

"हे दोन बार कुणी लिहिले?"

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. "मी. तिथे काहीच नव्हतं, मावशी. मला वाटलं तू विसरलीस."

"छान लिहिलेस. चाळिशीत मी अगदी असंच लिहिलं असतं." मग ती संचालकांकडे वळली. "तिथे काही नाहीये. खूणसुद्धा नाही. खूण दिसली की वाजवणारे दम खातात. कोरं दिसलं की दचकतात. मला ते दचकलेले हवेत."

मी पांढऱ्या पट्ट्या आणि डिंक घेऊन चौदा स्टँडांपुढे वाकलो आणि माझा शहाणपणा एकेक करून झाकला. पुन्हा सुरुवात झाली. चेलोनं शेवटचा सूर सोडला आणि कोरी जागा आली. व्हायोलिनचे गज हवेतच थांबले. बासरीवाल्या बाईनं श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. कोणीही वाजवत नव्हतं, आणि तो सूर मला स्पष्ट ऐकू येत होता. आयुष्यभर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात दिलेला सूर तिनं आता कोणाच्याच हातात दिला नव्हता, तरी तो पडला नाही. या बाईला मी विसराळू ठरवलं होतं!

संचालक हळूच म्हणाले, "शनिवारी हे असंच वाजेल."

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. "रागावलीस?"

"छे रे. पण ते सूर विसरायला मला तीस वर्षं लागली. तू एका दुपारीत परत आणलेस."

पायऱ्या उंच होत्या म्हणून मी आधाराला हात पुढे केला. तोवर ती दोन पायऱ्या खाली उतरली होती.