साबणवालीचं प्रकरण

माझी मावशी शाळेचे गणवेश शिवते. मशीनवर वाकलेली ही बाई एके काळी घराघरांतल्या मोरीत पोचली होती, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पंधराव्या वर्षी तिचा चेहरा साबणाच्या वेष्टनावर छापला होता.

कारखान्याचा मालक तिच्या वडिलांपेक्षा मोठा. 'मुलीसारखी सांभाळतो' म्हणून तिला घेऊन गेला आणि फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत ठेवलं. पुढचं मावशी सांगत नाही, मी विचारत नाही. स्टुडिओवाल्याचाही तिच्यावर डोळा. एका मेजवानीत दोघांची जुंपली आणि त्याने मालकावर गोळी झाडली. मालक वाचला, खटला उभा राहिला, पेपरवाल्यांचं चांगलंच फावलं. वकिलाने भर कोर्टात वेष्टन नाचवत मावशीला विचारलं, "नको होतं, तर हसत का होतीस?"

अहो, हसायला सांगितलं म्हणून! फोटो काढताना दुसरं काय सांगतात?

गोळी एकाने झाडली, दुसऱ्याने खाल्ली, आणि नाव पडलं 'साबणवालीचं प्रकरण'. याची मला भयंकर चीड येते. ते दोघं प्रतिष्ठित म्हणून मेले. मालकाच्या नावाने तर शाळा आहे. बाकीच्या शाळांची कामं मोठ्या दुकानांनी पळवली, म्हणून मावशी त्याच शाळेचे गणवेश शिवते. प्रत्येक खिशावर त्याचं नाव असतं.

मध्यंतरी पेपरातली एक मुलगी मावशीच्या दुकानात आली. विसरल्या गेलेल्या बायकांवर लिहितेय म्हणाली. बोलायला गोड. उभ्या जन्मात यावर तोंड न उघडलेली मावशी तिला म्हणाली, "सांगते सगळं. पण माझा फोटो नको, आणि त्याचं नाव घालायचं. एकदा तरी ते प्रकरण त्याच्या नावावर लागू दे."

"नक्की, मावशी."

मावशी दुपारभर बोलली. मी तिला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी पेपर आला. अर्धं पानभर मावशीचा पंधरा वर्षांचा चेहरा. कोपऱ्यात मशीनवर वाकलेली आजची मावशी. हा फोटो कधी काढला देव जाणे. वर मथळा, 'साबणवाली आज कशी दिसते?' आणि मालक? 'एक बडे उद्योजक'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुकानातूनच त्या मुलीला फोन लावला, मावशीला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

"संपादकांनी नाव काढलं हो ताई. त्यांची नातवंडं आहेत. घरच्यांना उगाच त्रास नको म्हणून..."

मावशीने मशीन थांबवलं. "आणि मी कुणाच्याच घरची नाही का गं?"

मी त्या मुलीला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात मावशीने फोन बंद करायची खूण केली. गणवेश सोमवारी द्यायचे होते. तिने पुढचा खिसा सुईखाली घेतला आणि त्याचं नाव शिवायला लागली.